मोठ्या गाडीचे ब्रेक

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज शर्वी आली नाही. म्हणजे मीच तिला आणायला गेलो नाही, कारण सकाळीच पूनमचा फोन आला. "बाबा, आजपासून शर्वीला क्लासला सिद्धेश नेईल. तो गुरुवारी घरूनच काम करतो." मी म्हटलं, अगं पण जावयाला कशाला त्रास, गुरुवार तर माझा. ती म्हणाली, "तुमच्या गाडीचे ब्रेक जुने झालेत हो बाबा. मागच्या गुरुवारचं आठवतंय ना?"

आठवतंय तर. वाकडला पुढची रिक्षा थांबली, मी ब्रेक दाबला, तरी गाडी जाऊन तिला टेकली. टेकलीच फक्त. रिक्षाला साधा ओरखडा नाही. रिक्षावाला "काका, झोपला होता का?" एवढं विचारून निघून गेला. मागच्या सीटवर शर्वीच्या हातातलं बिस्किट पडलं. तिने घरी जाऊन 'आजोबांनी रिक्षाची पापी घेतली' असं सांगितलं, आणि झालं.

आमच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, पूनमच्या शाळेला रविवारची. ती लहान असताना बापलेकीच्या सुट्टीची कधी गाठच पडली नाही. मी रिटायर झालो आणि शर्वीचा गाण्याचा क्लास नेमका गुरुवारी निघाला, तेव्हा मला किती बरं वाटलं होतं ते कुणाला सांगितलं नाही. तिला शाळेतून घ्यायचं, क्लासला सोडायचं, ती वर गात असताना खाली गाडीत बसायचं, मग वाकडला तिच्या घरी पोचवायचं. आठवड्यातून तेवढं एकदाच मी कुणाशी तरी पोटभर बोलतो. एरवी सांगवीच्या या फ्लॅटमध्ये टीव्ही बोलतो आणि मी ऐकतो.

जयमाला होती तेव्हा शिफ्टवरून आलो की दिवसभराचा रिपोर्ट तिला द्यायचो. ती गेल्यापासून या डायरीला देतो. डायरी मध्ये तोंड घालत नाही. पूर्वी याच गोष्टीसाठी मी जयमालाशी भांडायचो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दोन दिवस विचार केला. उगाच कुढत बसण्यापेक्षा कारण शोधावं. उभी हयात महाळुंग्याला ब्रेकच्या कारखान्यात क्वालिटीला काढली आणि माझ्याच गाडीचे ब्रेक जुने? ही काय बोलायची गोष्ट झाली?

कारण शोधायची आमची रीत साधी. 'का?' विचारायचं, उत्तर आलं की परत 'का?' विचारायचं, खरं कारण सापडेपर्यंत. गाडी वेळेत थांबली नाही. का? ब्रेक कमी पडला. का? डिस्क लहान. का? गाडी बारा वर्षांपूर्वीची, तेव्हाच्या रहदारीसाठी केलेली. संपलं. पूनमचं बरोबर आहे.

एक गोष्ट मात्र मी कधीच मान्य केली नाही. माल देणारे लोक रिपोर्टमध्ये लिहायचे, 'कारण: माणसाचं दुर्लक्ष.' मी लाल पेनाने 'माणूस' खोडून रिपोर्ट परत पाठवायचो. माणसावर ढकलणं सोपं असतं. मशीन बघा, माल बघा, पद्धत बघा, असं सांगायचो. पोरं मला मागून 'खोडसाहेब' म्हणायची. म्हणू देत.

माझ्या गाडीच्याच कंपनीची एक मोठी गाडी आहे, कॅबवाले वापरतात ती. तिचे पुढचे ब्रेक माझ्या गाडीला बसतात, असं एकदा कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं होतं. ते बसवायचे. मग पूनमला फोन करायचा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पिंपळे गुरवला नवनाथच्या गॅरेजवर गेलो. हा मूळचा बीडकडचा, हात चांगला आहे पण तोंड त्याहून जास्त चालतं. मी म्हटलं, मोठ्या गाडीचे ब्रेक या गाडीला बसतील का?

"बसतेल की काका. खालचं सगळं सेमच हाय. पण डिस्क मोठी, ती तेरा इंची चाकात मावायची नाही. चाकं चौदाची घ्यावी लागतेल."

"घेऊ."

"तसे तुमचे ब्रेक काही वाईट नाहीत बरं का. मी आत्ताच फिरवून आणली की गाडी. जागच्या जागी थांबती."

हा पोरगा ब्रेकवाल्याला ब्रेक शिकवतो. मी त्याला म्हटलं, तुला सांगितलंय तेवढं कर.

जिना चढताना खालच्या मजल्यावरच्या सुमनताईंनी हाक मारली. "अहो पिसाळ, एक चप्पल तिकडे पायरीवर राहिली की तुमची!" बघतो तर खरंच उजवा पाय अनवाणी. चपलेचा पट्टा सैल झालाय, बदलायला हवा. सुमनताई म्हणाल्या, "चहा घेऊन जा." मी म्हटलं, आज घाई आहे. घाई कसली असणार? पण लोकांच्या घरी जाऊन बसलं की उठताना जीवावर येतं, म्हणून मी बसतच नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

चाकणच्या अलीकडे एका भंगारवाल्याकडे हवी तशी कॅब मिळाली. मागून ट्रकने ठोकलेली, पुढची बाजू मात्र नव्यासारखी. नवनाथने डिस्क आणि त्यांना चिमटीत धरणारे कॅलिपर उतरवून घेतले. मी घरून मायक्रोमीटर नेला होता. डिस्कची जाडी चारी बाजूंनी मोजली, सगळीकडे सारखी. फार दिवसांनी हातात मोजायला काहीतरी आलं. भंगारवाला म्हणाला, "साहेब, भंगार आहे हो, सोनं नाही." मी परत मोजली.

घरी आणून डिस्क डायनिंग टेबलवर ठेवल्या. जयमाला असती तर मला डिस्कसकट बाहेर काढलं असतं. आज कुणी काही बोललं नाही. तिथेच त्यांच्याशेजारी बसून जेवलो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

क्लासच्या वेळेला गाडीत जाऊन बसलो, पार्किंगमध्येच. गाडी काढली नाही. मागच्या सीटखाली बिस्किटाचा तुकडा सापडला, तो टाकवला नाही.

३ डिसेंबर, बुधवार

ब्रेक बसले! दिवसभर गॅरेजवर होतो. कपाटातले जुने सेफ्टी शूज घालून गेलो होतो, ते उतरवून चटईवर मांडी घातली आणि एक एक भाग पुसून नवनाथच्या हातात दिला. शेवटी एक छोटा नट कुठे घरंगळला तो सापडेना, त्याने डब्यातला दुसरा लावला. मोठ्या डिस्क चौदा इंची चाकाच्या आत अशा भरून दिसतात की बघत राहावं.

पूनमला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला. नंतर एक हसरा चेहरासुद्धा पाठवला.

६ डिसेंबर, शनिवार

पेडल स्पंजी लागतंय. दाबलं की काही कळतच नाही, कापसात पाय घातल्यासारखं. पाइपात हवा राहिली असणार. नवनाथकडे नेऊन हवा काढायला लावली. त्याने काढली. मी दाबून पाहिलं, तसंच. परत काढायला लावली.

मग तो स्वतः बसला, पेडल दाबलं आणि माझ्याकडे बघत राहिला. "काका, दगडासारखं कडक हाय की हे. हवा न्हाईच ह्यात."

"मला मऊ लागतंय."

"तुमचे बूट जाड हायेत, त्याच्यानं असंल."

असेल. पण मी स्पंजी म्हणतोय म्हणजे स्पंजीच आहे. पेडलचा जोर चाकांपर्यंत नेणारा मास्टर सिलिंडर बदलून बघू, असं त्याला सांगून आलो. नवनाथ चांगला आहे, पण त्याच्याकडे मोजमाप नाही, नुसता अंदाज.

डॉक्टरांकडून शुगर तपासायला या म्हणून परत मेसेज. साखर बॉर्डरवर आहे, हे मला तपासल्याशिवाय माहीत आहे. ब्रेकचं झालं की जाईन.

११ डिसेंबर, गुरुवार

नवा मास्टर सिलिंडरही बसला. पेडल तसंच, पण गाडी थांबते झकास. महाळुंग्याला आमच्या जुन्या कारखान्याच्या मागच्या रस्त्यावर चाचणी घ्यायला गेलो. तिथली छोटी युनिट अजून गुरुवारी बंद असतात, रस्ता मोकळा. गाडी पळवायची आणि ठरलेल्या खांबाशी थांबवायची. दर वेळी खांबाशीच थांबली. मी एकटाच गाडीत 'शाब्बास' म्हणालो.

आणि मग पंक्चर. डिकीतून स्टेपनी काढली, जॅक लावला, चाक उतरवलं, स्टेपनी चढवायला गेलो तर ती बसेना. कशी बसणार? स्टेपनी तेरा इंची. मोठ्या ब्रेकसाठी चार चाकं बदलली आणि पाचवं माझ्याही डोक्यात आलं नाही आणि नवनाथच्याही. मी दुसऱ्यांचे असले घोटाळे पकडून बढती मिळवलेला माणूस! हसू आलं, मग हसू थांबलं. कुणाला फोन करावा हे सुचेना. पूनमला तर मुळीच नाही.

जवळच एका गोडाऊनच्या फाटकापाशी खुर्ची टाकून एक म्हातारबाबा बसले होते. आबाजी म्हणून महाळुंग्याचेच, गोडाऊनची जमीन त्यांची. बराच वेळ माझी गंमत पाहून ते उठून आले.

"न्हाई बसत व्हय चाक?"

"ब्रेक मोठ्या गाडीचे लावलेत. चाक लहान पडतं."

"गाडी तर जुनी दिसती. मंग येवडं मोटं बिरेक कशापायी?"

"नातीसाठी."

आबाजींनी वाकून मागच्या सीटवर पाहिलं. "मंग नात कुटं हाय?"

मी म्हटलं, घरी. त्यांच्या पुतण्याने चाक मोटारसायकलवरून नेऊन पंक्चर काढून आणलं. तोवर आबाजींनी मला खुर्ची दिली आणि स्वतः पायरीवर बसले. इथे पूर्वी काय काय पिकायचं ते सांगत होते. मी उठलो तेव्हा म्हणाले, "पाय दुकतोय जनू. लंगडताय तुमी."

मी म्हटलं, छे, मला काहीच दुखत नाही. आणि खरंच दुखत नव्हतं.

१४ डिसेंबर, रविवार

पूनमला फोन केला. म्हटलं, ब्रेक नवे झालेत, चाचणी झाली आहे. आता गुरुवार परत दे. ती म्हणाली, "बाबा, सिद्धेशला आता सवय झाली आहे." मी म्हटलं, कारण तू दिलं होतंस, ते मी दूर केलं. आता तू येऊन माल तपास. पसंत नाही पडला तर परत कर. आमच्याकडे गिऱ्हाईक येऊन लाईन बघून जायचं, तसं.

मागून शर्वीचा आवाज आला, "आजोबांचा फोन आहे का? मला दे." पूनमने दिला नाही. म्हणाली, "बरं. गुरुवारी अर्धी सुट्टी घेते."

आनंदाने दुपारी झोप लागली नाही. गाडी धुतली.

१८ डिसेंबर, गुरुवार

कसं लिहू कळत नाही, पण रिपोर्ट द्यायचा तर नीट द्यावा.

पूनम अकराला आली. तिला घेऊन महाळुंग्याच्या त्याच रस्त्यावर गेलो. वाटेत चांगल्या गप्पा झाल्या. तिने माझ्यासाठी डिंकाचे लाडू आणले होते. आबाजी खुर्चीत होते, त्यांनी हात केला. मी तिला सांगितलं, बघ, तो खांब. गाडी पळवली आणि खांबाशी थांबवली. पुन्हा एकदा केलं. तशीच थांबली. मी तिच्याकडे पाहिलं. ती पुढेच बघत होती.

"आता मी सांगेन तेव्हा थांबवा," ती म्हणाली.

मी म्हटलं, सांग की. गाडी पळवली. खांब गेला. ती काही बोलली नाही. मग एकदम म्हणाली, "थांबा!"

मी ब्रेक दाबला. तत्काळ दाबला. मी शपथेवर सांगतो, दाबला. गाडी थांबली नाही, उलट पुढे खेचली गेली. मी आणखी जोराने दाबला तशी ती आणखी पळाली. पूनम "बाबा, बाबा" ओरडत होती. तिने हँडब्रेक ओढला, गाडी तिरकी झाली आणि रस्त्याकडेच्या मातीच्या ढिगात नाक खुपसून बंद पडली. कुणाला काही लागलं नाही.

मी म्हटलं, पेडल फेल झालं, मी नवनाथला आधीच सांगितलं होतं, मास्टर सिलिंडर... पूनम खाली बघत होती. "बाबा," ती म्हणाली, "पाय कुठे आहे तुमचा?"

मी पाहिलं. पाय एक्सिलरेटरवर होता. मला तो ब्रेकवर वाटत होता. डोळ्यांनी बघत असूनही पायाला तो ब्रेकवरच वाटत होता.

ती उतरली, माझ्या बाजूचं दार उघडून रस्त्यावरच बसली आणि माझा बूट काढू लागली. मी नको म्हणत होतो. बूट निघाला तसा त्यातून एक छोटा नट खाली पडला. नवनाथच्या गॅरेजमध्ये हरवलेला. पंधरा दिवस मी त्याच्यावर चालत होतो. मोजा तळव्याला चिकटला होता, काळा झाला होता. पूनमने तो सोडवला आणि तोंडावर हात ठेवला.

"दुखत नाही हे?" तिने विचारलं.

"नाही."

मग ती माझा पाय मांडीवर घेऊन रडली. लहानपणी पडली तरी रडायची नाही ही मुलगी. रडता रडता म्हणाली, "ब्रेकचं मी आपलं म्हटलं होतं हो बाबा. 'तुम्ही चालवू नका' असं म्हणवेना. मला वाटलं, समजून घ्याल." मला तिचा राग आला. खूप आला. मला सरळ सांगितलं असतं तर? आणि लगेच कळलं, सरळ सांगितलं असतं तर मी तिलाही रिपोर्ट परत पाठवला असता.

आज शर्वी गाडीत असती तर. हे एकदाच लिहितो, परत लिहिणार नाही.

२० डिसेंबर, शनिवार

दवाखान्यात. पाय वाचेल म्हणतात, वेळ लागेल. साखरेने पायाच्या नसा बधिर झाल्या आहेत, काही वर्षांपासून होत असणार. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला सांगून तळव्याला काडी लावली आणि विचारलं, "आता लावली का?" मी अंदाजाने हो-नाही म्हणत राहिलो. बहुतेक सगळी उत्तरं चुकली.

गाडी चालवायची नाही. बाईंनी सांगायच्या आधीच मी तसं म्हणालो, म्हणजे त्यांना आणि पूनमला बोलावं लागू नये.

संध्याकाळी कागद मागून घेतला. गाडी वेळेत थांबली नाही. का? पुढे एकच शब्द लिहिला, माणूस. खोडायला पेन उचललं होतं. तसंच ठेवून दिलं.

२२ जानेवारी, गुरुवार

जखम भरत आली. काठी घेऊन खाली उतरता येतं. हल्ली सुमनताईंकडे चहाला बसतो. त्या फार बोलतात. बोलू देत.

दुपारी बेल वाजली, तर दारात पूनम आणि शर्वी, दोघी. पूनम म्हणाली, "चला बाबा, क्लासला जायचंय. चावी द्या." तिने ऑफिसात सांगून गुरुवार मोकळा करून घेतला आहे. मी म्हटलं, तुम्ही जा, मी कशाला? माझ्याच गाडीत डाव्या बाजूला बसायचं मला जड जात होतं, ते बोललो नाही. शर्वीने काठी आणून हातात दिली.

पूनम उजवीकडे बसली, शर्वी मागे. फाटकातून बाहेर पडताना पूनमने सवयीप्रमाणे ब्रेक दाबला आणि आम्ही तिघेही पुढे झुकलो. "अगं बाई, काय ब्रेक आहेत हे!" ती म्हणाली. मी म्हटलं, अलगद दाब, मोठ्या गाडीचे आहेत. पुढच्या वळणापर्यंत तिला जमले.

सिग्नलला पुढे एक रिक्षा थांबली. मी उजवा पाय जोरात खाली दाबला. पायाला काही लागलं की नाही ते कळलं नाही. गाडी मात्र रिक्षापासून चांगली लांब, सावकाश थांबली.

मागून शर्वी वाकून बघत होती. "आजोबा, तुम्ही पाय का दाबताय? तुमच्या बाजूला ब्रेक नाहीये."

"माहीत आहे गं," मी म्हटलं.

पुढच्या सिग्नलला मी परत दाबला. शर्वी काही बोलली नाही, पूनमही नाही. गाडी थांबली.